पाच लिटर

नोल्विया आयाविरे गाडी थांबवते
आणि आम्हाला मोजते : अकरा.
मग बाटल्या मोजते : अकरा.
पाच-पाच लिटर गोडं पाणी,
बाहेर आल्यावर अंगावर घ्यायला.
"आत वीस मिनिटं. तोंड बुडवायचं नाही.
आज सकाळी दाढी केली असेल,
तर देवच वाचवो."
हे आधी स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीत,
आणि मग त्या कोरियन जोडप्यासाठी
गालावर बोट ओढत, विव्हळून.
सगळे हसतात. तीही.
रोज याच जागी हसत असणार.

येताना रस्ता पन्हळी पत्र्यासारखा,
दीड तास दात वाजत होते.
खिडकीबाहेर एकच जमीन,
कोणीतरी नांगरून तशीच सोडून गेल्यासारखी.
उतरून ढेकूळ उचललं तर धारदार,
चाटलं (मी चाटलं)
तर आधी कडू, खारट नंतर.

सात तळी. पहिल्यात आणि शेवटच्यात
उतरायची परवानगी.
काठाला पांढरी साय,
पेजेवर धरते तशी,
पण पाऊल ठेवलं की कापते.

मला पोहता येत नाही.
एकसष्ट वर्षांत कमरेच्या वर
पाणी चढू दिलं नाही मी.
"इथे बुडायलाच जास्त कष्ट पडतात,"
नोल्विया म्हणते.
मग मी बसते, खुर्चीत बसावं तशी,
आणि खुर्ची असते.
पाय आपोआप वर येतात,
नखांचा उडालेला रंग सगळ्यांसमोर.
चार वर्षं ज्यांना शिव्या देतेय ते गुडघे
दुसऱ्या कुणाचे असावेत तसे तरंगतात.
कानात पाणी. लांबवर लिकांकाबुर,
त्याच्या टोकाला ढगाचा धागाही नाही.
आई गेल्यापासून मला असं
कुणी उचलून धरलं नव्हतं.
मग शिट्टी.

"तू येत नाहीस पाण्यात?"
"एकदा आले होते. शाळेची सहल."
तिच्या लोकांच्या जुन्या भाषेत
पाण्याला म्हणतात पुरी.
भाषा आता कोणी बोलत नाही,
काही शब्द गावांच्या नावांत राहिले,
काही कालवे उपसताना म्हणायच्या गाण्यात.
मी सांगते, आमच्याकडे पुरी तळतात.
तेलात टाकली की फुगते, वर येते, तरंगते.
ती मला आपादमस्तक न्याहाळते :
"म्हणजे आज तू."

मी तिचा फोटो काढते.
ती हनुवटीने दक्षिणेकडे दाखवते,
तिकडे पंप आहेत, चौकोनी हौद आहेत,
मिठवणी वर ओढतात, उन्हात आटवतात,
उरतं ते जहाजाने जातं.
"कुठे?"
ती माझ्या हातातल्या फोनकडे बघते.
फोन गरम झालेला असतो. ऊनही होतंच.

खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात आमच्यात.
मोडक्यातोडक्या शब्दांत
मी तिला हे समजावून सांगते.
"म्हणजे झोपायचं नाही?"
"तसंच काहीसं."

अंगावर मीठ वाळतं, कातडी लहान होते.
क्वेबेकचा तो उंच माणूस
अख्खी बाटली डोक्यावर ओततो,
आणखी आहे का विचारतो.
मी तीनेक लिटरमध्ये भागवते,
कानामागचं राहून जातं.
नोल्विया सगळ्यांची उरलेली पाणी
एका निळ्या कॅनमध्ये गोळा करते, न सांडता,
बाटलीचा तळ दोनदा थोपटून.
"आईच्या दारात चान्यारचं झाड आहे," म्हणते.
"यंदा फळ कमी."

कॅनला जागा नसते.
माझ्या पायांत ठेवते ती तो,
झाकणाचा आटा गेलेला,
त्यावर माझा तळहात.
परत तोच पत्रा, तेच दात.
कोरियन मुलगी नवऱ्याच्या खांद्यावर कलंडते,
क्वेबेककर घोरायला लागतो,
एकेक करून सगळे.
आरशातून नोल्विया दोनदा मागे बघते.
मी जागी.
सात लिटर असेल.
नऊही असेल.